सनईवाल्याचे बोट

नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा सनईवाला होता. पहाटे त्याने सनईला ओठ लावले की धुकेसुद्धा पाण्यावरून उठायचे विसरत असे. एकदा तो देवळाच्या पायरीवरून घसरला आणि उजव्या हाताचे बोट मोडले. वैद्यबुवांनी गावगप्पा मारता मारता, हाड न बसवताच पट्टी बांधली. पट्टी सुटली, बोट वाकडे ते वाकडेच राहिले. सनईचे शेवटचे छिद्र झाकेना, खालचा सूर निघेना. लग्नातली मंगलधून नेमकी त्याच सुरावर उतरते. लोकांनी रखमाजीला लग्नांना बोलावणे सोडले.

त्याने राजाकडे फिर्याद केली. बायको म्हणाली, "अहो, अंताजीपंत वकिलांना सोबत न्या."

"वकील कशाला? बोट माझं, दुखणं माझं. पंतांना सनई कुठल्या टोकाने फुंकतात तेही ठाऊक नाही!"

दरबार भरला. वैद्यबुवांची बोटे धडधाकट होती, तरी त्यांनी वकील आणला होता. तो वादात पडलाच नाही. हात जोडून म्हणाला, "रखमाजीबुवा, भांडण होत राहील. तुमची सनई ऐकून किती दिवस झाले! थोडी ऐकवा की."

रखमाजी विरघळला. पण भर दरबारात अडखळायचे? वाडवडिलांची अब्रू! त्याने असा राग निवडला, ज्यात तो खालचा सूर लागतच नाही. सनई वाजू लागली. खांब जणू पाण्यात उभे राहिले. झुंबरे होड्यांसारखी डोलू लागली. चवऱ्या ढाळणारे चवऱ्या विसरले. राजाला लहानपणीची आमराई दिसली. बोट ठणकत होते. रखमाजीने चेहऱ्यावर कळ उमटू दिली नाही.

सूर विरले. वकील हळूच म्हणाला, "महाराज, हेच ते निकामी बोट."

राजाने डोळे पुसले, रखमाजीला शेला दिला आणि फिर्याद फेटाळली. एका दुखण्याची दाद एकदाच मागायची, असा त्या राज्याचा कायदा होता.

बाहेर अंताजीपंत पान जुळवत बसले होते. रखमाजीने विचारले, "पंत, तुम्ही असता तर काय बोलला असता?"

"दरबारात नंतर. आधी तुम्हालाच सांगितलं असतं, वाजवायचीच तर लग्नाची धून वाजवा."

संध्याकाळी नदीपलीकडून वरात गेली. सनई दुसऱ्याच कुणाची होती. शेला पांघरून रखमाजी ऐकत राहिला, धून खालच्या सुरावर उतरेपर्यंत.

तात्पर्य: चुकलेल्या वैद्याविरुद्ध दाद मागायला वकिलावाचून जाऊ नये, दुखणे ज्याचे त्याला कळते, पण ते न्यायासनापुढे कसे मांडावे हे कळतेच असे नाही.