फरशी तुमच्याच शहरात द्या

परदेशी फरशी मातीमोल भावाने बंदरात उतरू लागली आणि यमुनाताई कुंभारांच्या फरशी कारखान्यातल्या चारपैकी तीन भट्ट्या विझल्या. परदेशी कंपनी स्वतःच्या देशापेक्षा स्वस्तात माल इथे ओतते हे सिद्ध झालं, तरच त्यावर जादा शुल्क बसणार होतं. नाहीतर चौथीही विझणार, म्हणून ताई सुनावणीला आल्या होत्या.

कंपनीचे प्रतिनिधी बक्षी पाय पसरून बसले होते. "आमची यंत्रं चांगली, म्हणून माल स्वस्त. आमच्याकडेही हाच भाव आहे. बाईंनी रडण्यापेक्षा धंदा शिकावा!"

ताईंनी मान डोलावली. "पटलं, साहेब. मग याच भावाने जहाजभर फरशी मीच घेते. फक्त इकडे पाठवू नका, तुमच्याच शहरात माझ्या ताब्यात द्या. जहाजाचं भाडंही वाचेल तुमचं."

"तिथे काय करणार तुम्ही?"

"विकेन की! शिकतेय ना धंदा."

बक्षी ताडकन उठले. "छे! या भावाची फरशी तिथल्या बाजारात आली तर आमचा कारखाना बंद पडेल!"

शुल्क ठरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी ते वाक्य शब्दशः लिहून घेतलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "आमचा तसाच बंद पडतोय, साहेब."