पेट्रोलच्या नळीवरचं चुंबक

"...मग चार हजार लोकांनी चांगलं म्हटलंय, ते काय सगळे खोटं बोलतात, मेस्त्री?"

भिवा मेस्त्रींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि हातातली डबी उलटीसुलटी करून पाहिली.

"त्यातल्या किती जणांच्या गाडीत बसलास तू?"

श्रीरंगने हातातला मोबाईल खिशात टाकला.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला, मेस्त्रींचं गॅरेज होतं. आता गॅरेज बंद झालंय, पण पत्र्याची शेड आणि मेस्त्रींचा कान दोन्ही अजून शाबूत आहेत. श्रीरंग पुण्याला पंपांच्या कारखान्यात मोठा साहेब झाला खरा, पण पाना धरायला शिकला तो ह्याच शेडमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत, मेस्त्रींच्या शिव्या खात.

शेडबाहेर त्याच्या वडिलांची, अण्णांची, करड्या रंगाची जुनी गाडी उभी होती. गिअरचा दांडा स्टेअरिंगलाच असलेली. अण्णा गेल्या दिवाळीत गेले. परवा सांगलीचा एक माणूस गाडी न्यायला येणार होता आणि श्रीरंगने त्याला अजून धड हो म्हटलं नव्हतं, धड नाहीही म्हटलं नव्हतं. अण्णांच्या वेळेसारखी घाट चढली तर ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची, असं त्याचं मनाशी चाललं होतं. महिनाभरात तीनदा चढून पाहिलं. तिन्ही वेळा गाडी निम्म्या घाटात धापा टाकायला लागली.

म्हणून मग ही मोबाईलवरून मागवलेली स्वस्तातली डबी. पेट्रोलच्या नळीवर बसवायची दोन चुंबकं. ताकद तीस टक्के वाढेल, असं वर छापलेलं.

"चुंबकामुळे पेट्रोलचे कण सुटे होतात," श्रीरंग म्हणाला. "मग ते पूर्ण जळतं. तुमच्या काळात हे नव्हतं, मेस्त्री."

"नव्हतं बाबा."

मेस्त्री उठले. चहाची बशी विसळून, पुसून आणली, तीत थोडं पेट्रोल ओतलं आणि एक चुंबक अगदी जवळ धरलं. दोघंही वाकून बघू लागले. साहेबही वाकला.

पेट्रोल आपलं होतं तसंच राहिलं.

मेस्त्रींनी फळीवरचा एक वायसर बशीत टाकला. तो टुणकन चुंबकाला चिकटला.

"वायसर छान उचलतं," मेस्त्री म्हणाले. "हरवलेले नट शोधायला ठेवून दे."

"पण बसवलं तेव्हा मला फरक जाणवला होता. खरंच."

"किती दिवस?"

"...पहिल्या दिवशी."

मेस्त्रींनी पेट्रोल बाटलीत परत ओतलं. श्रीरंगला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

"मग इंजिनातच काहीतरी खोट असेल."

"दोन वर्षांमागे मीच उघडलं होतं. अण्णांनी नवी पिस्टनं घालून घेतली. मघाशी आलास तेव्हा ऐकलं की मी. नवी होती तेव्हा जेवढा जोर होता, तेवढा आजही आहे."

"असं कसं होईल? अण्णा चालवायचे तेव्हा एक ट्रक पुढे जायचा नाही हिच्या. मी मागे बसलेला असायचो, मेस्त्री. मला माहीत आहे." तो बाहेर उभ्या गाडीकडे बघू लागला. "माणूस गेला तो गेला. निदान गाडी तरी तीच राहायला नको का?"

मेस्त्रींनी पेट्रोलचे हात फडक्याला पुसले.

मग त्यांनी हात पुढे केला. "चावी दे."

श्रीरंगने पुढचं दार उघडलं.

"तिथे नाही. मागे बस."

मागे त्याचे गुडघे मावेनात. काच खाली करायची मूठ अजूनही हातात निघून येत होती. उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा तो वास आला आणि त्याला एकदम हाफ पँटीतल्या मांड्या सीटला चिकटायच्या ते आठवलं, आईच्या मांडीवरचा करवंदांचा द्रोण आठवला, अण्णांच्या मानेवरची घामाने ओली झालेली कॉलर आठवली. पुढे मेस्त्रींची पाठ होती, तरी त्याला भरून आलं.

गाडी घाटाला लागली. झाडं मागे पडू लागली, वारा तोंडावर आला. काय पळत होती गाडी! श्रीरंगने डोकं खिडकीला टेकलं. अशीच पळायची. अगदी अशीच.

"कितव्या गिअरमध्ये आहे, मेस्त्री?"

"दुसऱ्या."

"दुसऱ्या? मग स्पीड..."

"पंचवीस."

त्याला पटेना. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. सिमेंटच्या पोत्यांनी भरलेला एक ट्रक रेंगाळत आला, रेंगाळतच उजव्या बाजूने पुढे सरकला आणि वळणापलीकडे दिसेनासा झाला. श्रीरंगचा चेहरा उतरला.

"बघितलंत? अण्णा असते तर हा पुढे गेला नसता."

मेस्त्रींनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"कराडहून सामान आणायला जायचो, तेव्हा मी असायचो अण्णांच्या शेजारी. तुला माकडं दाखवायचे ते. आठवतं?"

श्रीरंगला हसू आलं. हसता हसता डोळे ओले झाले.

"आठवतं की. 'श्रीरंगा, डावीकडे बघ, माकड!' दर खेपेला चार-पाच वेळा तरी. मी आपला मान मोडेपर्यंत बघायचो. मला मेलं एकदाही दिसलं नाही."

पुढचं वळण आलं. मेस्त्रींनी सावकाश स्टेअरिंग फिरवलं.

"कसं दिसेल? उजवीकडून ट्रक जात असायचा."