मेंढीचं दूध न चाटलेला कुत्रा

फार फार जुन्या काळी, माळावर वाटांपेक्षा लांडगेच जास्त होते तेव्हा, तिथे मेंढपाळांचा एक तळ होता. तळाचा रिवाज कडक. पिल्लाचे डोळे उघडायच्या आत त्याला मेंढीचं दूध चाटवायचं. ज्यानं ते चाटलं तोच तळाचा कुत्रा. सगळे कुत्रे एकाच वंशातले, काळेभोर. त्यांचा तोरा केवढा! म्हणजे कुत्र्यांचा कमी, मालकांचाच जास्त.

तळावर एक मेंढकी एकटीच आपली मेंढरं राखून राहायची. एका सकाळी ओस पडलेल्या वस्तीत तिला खुंटाला बांधलेला कुत्रा दिसला. माणसं वस्ती सोडून गेली होती, कुत्र्याला सोडायचं मात्र विसरली होती. अंगावर तांबडी-पांढरी ठिगळं, एक कान उभा, एक पडलेला, आणि वयानं चांगला थोराड. तिनं दावं कापून त्याच्यापुढे भाकरी टाकली. भाकरी सोडून तो तिच्याकडेच बघत राहिला. त्याचं आधीचं नाव तिला ठाऊक नव्हतं आणि नवं लादणं पटेना, म्हणून ती नुसतं "ये रं" म्हणाली. तो आला.

"ह्याच्यात कोण कोण मिसळलंय, देव जाणे!" तळाचा म्हातारा म्होरक्या हसला. "अगं, थोराड कुत्रं कधी आपलं होतं का? माझ्याकडचं पिल्लू ने."

"पिल्लू कुणीबी नेईल, आजा. ह्याला कोण नेणार?"

"मग ठरव. हा कुत्रा, नाहीतर तळ."

तळाबाहेर राहायचं म्हणजे मेंढरं लांडग्यांच्या तोंडी द्यायची. तिला भीती वाटली, चांगलीच वाटली. तरी तिनं बिऱ्हाड उचललं आणि तळाच्या मावळतीला, हाकेच्या अंतरावर, मेंढरांभोवती आपली जाळी ठोकली.

"रिवाज तुमचा, कुत्रा माझा," ती म्हणाली.

एका संध्याकाळी लांडगे आले. ते काही खुळे नव्हते. तळाचे कुत्रे एकमेकांचं बघून धावतात, हे त्यांनी हेरलं होतं. एक लांडगा उगवतीला दिसला, एक कुत्रा भुंकला आणि झाडून सगळे भाऊबंद त्याच्यामागे सुटले. बाकीचे लांडगे मावळतीकडून निवांत निघाले.

थोराड कुत्रा कुणाच्याच मागे गेला नव्हता. तो मेंढकीच्या जाळीपुढे उभा राहिला आणि भुंकून भुंकून त्यानं माळ डोक्यावर घेतला. मेंढकी काठी घेऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. माणसं धावली, लांडगे पळाले. एकही मेंढरू गेलं नाही.

म्होरक्या खुशीत म्हणाला, "ह्यानं लायकी दाखवली. आण त्याला तळात."

मेंढकीचं डोकंच फिरलं. "आणि लांडगे आले नसते तर, आजा? हा नुसता पडून राहिला असता तर? त्यानं काय बी केलं नसतं तरी तो माझाच होता. तसं म्हणा, मग येते."

म्होरक्या मान हलवून तळाकडे चालू लागला. ती बाहेरच राहिली.

दुसऱ्या दिवशी एका म्हातारीनं, "माझ्या हातून तरी आता काय होतंय!" म्हणत आपली जाळी उपटून मेंढकीच्या शेजारी ठोकली. मग आणखी एकानं. पावसाळ्याच्या आत सगळा तळ तिच्याभोवती आला आणि म्होरक्या आपल्या काळ्याभोर कुत्र्यांसह, जागचा न हलताच, तळाबाहेर पडला.

यातून घ्यायचं ते एवढंच : आपलं म्हणण्याआधी जो लायकी विचारतो, तो शेवटी एकटा उरतो.