पदरचा काना

फार वर्षं झाली या गोष्टीला. सह्याद्रीच्या पायथ्याशी करंजखोल नावाच्या गावात धोंडभट राहत. विद्वान माणूस, पण स्वतःवर कवडीचा भरवसा नाही. दाराला कडी घालून चार पावलं गेले, की परत येऊन कडी हलवून बघत. लग्न लावताना नवरदेवाचं नाव दोनदा विचारत. एक ओळ तीनदा वाचल्याशिवाय ते पुढची वाचत नसत, असं म्हणतात.

एका वर्षी नाचणी कणसात आली आणि डोंगरावरून गव्यांचा कळप उतरला. पुढे एक काळा नर, झोपडीएवढा. दोन दिवसांत निम्मी नाचणी गेली. गाव देवळात जमलं. तिथे एक जुनी पोथी होती. कोणत्या जिवाशी माणसाने कसं वागावं, हे तिच्यात देवाने सांगितलंय, असं गाव मानायचं. पण सगळी अक्षरं एकमेकांना चिकटलेली, दोन शब्दांमध्ये जागाच नाही.

“भटजी, गावान आता काय करायचं, तेवढं सांगा,” भिकाजी गावकर म्हणाला.

“थांब रे. बैल जुंपावा... गाय बांधावी...” धोंडभटांचं बोट पुढे सरकलं आणि अडलं. तिथे लिहिलं होतं: गवानबांधावा.

“गवान? ‘ग’चा काना राहिलेला दिसतो,” ते पुटपुटले. “गावान बांधावा.”

“झालं तर!” गावकर उठलाच. “एकट्यादुकट्यान नाही, सगळ्या गावान बांधायचा!”

“अरे, मला तीनदा तरी वाचू दे...”

“तुमचं तीनदा होईस्तवर नाचणी गव्याच्या पोटात!” आवडू म्हातारी ओरडली, आणि देऊळ रिकामं झालं.

गावाने जाड वाशांचा कोंडवाडा उभारला, ढोल बडवत नराला आत घातलं आणि दाराला अडसर लावला. भटजींना लोकांनी खांद्यावर घेतलं. त्या दिवशी त्यांनी घराची कडी एकदाच लावली, असं म्हणतात.

पण कळप गेला नाही. माद्या येऊन गावाच्या एकुलत्या झऱ्याभोवती उभ्या राहिल्या. ना हलल्या, ना चरल्या. बायका रिकाम्या कळश्या घेऊन परतल्या. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी पोरांचे ओठ सुकले, आणि आतल्या नराच्या धडकांनी वासे तडकू लागले. वाशांना लागूनच घरं होती.

धोंडभटांनी पोथी उघडली. गाव देवळात जमलं त्या दिवशी पुढची ओळ वाचायला कुणी थांबलंच नव्हतं. ती होती: वारानकोंडावा. वाऱ्याला कोण कोंडणार? त्यांनी तीनदा वाचलं. वारा न कोंडावा. त्याखाली, पूर न अडवावा. मग बोट मागे आलं. गवा न बांधावा.

ते धावतच कोंडवाड्याशी आले. “लोकहो, मी चुकलो! तो काना पोथीतला नव्हे, माझ्या पदरचा. याला बांधायची सत्ता देवाने आपल्याला दिलेलीच नाही.”

“मग आता?” गावकराने विचारलं.

“आता सोडायचा. पोरांना घेऊन मागे व्हा.”

“भटजी, तुडवील तो! या खेपेला तरी तीनदा वाचा!” आवडू कळवळली.

“वाचलं गो बाई. सात वेळा.”

त्यांनी अडसर ओढला. नर बाहेर आला, त्यांच्या छातीशी नाक आणून थांबला. धोंडभटांनी डोळे मिटले. गव्याने असा श्वास सोडला, की डोंगरावरची झाडं वाकली आणि भटजींचं उपरणं उडून त्याच्या शिंगात अडकलं, असं म्हणतात. नवरदेवासारखं ते उपरणं मिरवत तो उभ्या नाचणीतून डोंगर चढून गेला. मागोमाग कळप गेला. एक काडी मोडली नाही. वर एका करवंदीच्या जाळीवर उपरणं तेवढं राहिलं.

बायका कळश्या घेऊन झऱ्याकडे पळाल्या. धोंडभट होते तिथेच खाली बसले.

“गेला ना?”

“गेला, भटजी.”

“नक्की?”

सगळं गाव रडता रडता हसत सुटलं.

करंजखोलात अजून त्या करवंदीच्या वर कुणी नांगर नेत नाही. वरचं रान गव्यांचं. आणि दर वर्षी नाचणी कापण्याआधी देवळात तीच पोथी वाचतात. वाचणारा ‘गवा’ म्हणतो आणि मुद्दाम अडतो. धोंडभटांसारखा घाबराघुबरा होऊन सगळ्यांकडे बघतो. मग बोळक्या म्हाताऱ्यांपासून मांडीवरच्या पोरांपर्यंत सगळं देऊळ एका आवाजात त्याला सांगतं, “न!”