टिटवीनं नेलेली हाक

मी एकदा वैशाखात मौन धरलं होतं, बरं का. सकाळी उठायचं, माळावर पाखरांना पाणी ठेवायचं, तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. कशासाठी, ते मग सांगते. आधी या व्रताची कहाणी ऐका.

एकदा काय झालं, माळाच्या अल्याड अंबूबाई राहायची. तिची एकुलती लेक तुळसा पल्याडच्या गावी दिलेली. माळ हा एवढा मोठा! ना झाड, ना खूण. तुळसा माहेरी यायला निघायची, वाट चुकायची, नि फिरून सासरच्याच वेशीत पोचायची. तीन वर्षं अशी गेली. अंबूबाई रोज एक भाकरी जास्त थापायची.

मग तिनं व्रत घेतलं. तीन दिवस, रोज सकाळी, मौनानं, माळावर पाखरांना पाणी.

पहिल्या दिवशी गवतातून ससा उठला. त्याला विचारावं, तुळसा दिसली का रे? पण शब्द गिळला. दुसऱ्या दिवशी हरणी आली, पाडस तिला बिलगलेलं. अंबूबाईचे डोळे भरले, पण ओठ मिटलेलेच. मालू धनगर हसायचा, "अंबूमावशी, रामराम तरी घाला! जीभ काय चुलीपाशी विसरलात?"

तिसऱ्या दिवशी बघते तर काय, उघड्या जमिनीवर खड्यांसारखीच चार अंडी. टिटवी पंख पसरून आडवी उभी. समोरून मालूच्या मेंढ्या धूळ उडवत येताहेत. आणि पाणी अजून घागरीतच!

अंबूबाईनं आभाळाकडे पाहिलं. मग पोटातून ओरडली, "थांबव रे मालू! पायाखाली अंडी आहेत!"

मेंढ्या वळल्या. मालू खजील झाला. "मावशी, माझ्यापायी व्रत मोडलं की हो."

अंबूबाई मटकन खाली बसली. "आता कशाची येते माझी तुळसा!" रडत रडत तिनं पाणी तेवढं ओतलं.

मग टिटवी उडाली. तिनं ती हाक चोचीत धरली, बरं का, आणि अख्ख्या माळावर नेली. तिकडे तुळसा पुन्हा वाट चुकून उभी होती. दचकलीच. "अगं बाई, हा तर आईचा आवाज!" मग टिटवी पुढे, तुळसा मागे, असं करत दोघी थेट दारात. तव्यावर तिच्या वाटणीची भाकरी फुगत होती.

अंबूबाईची लेक आली. माझी लेक, तुमची वत्सूआत्या, अजून यायची आहे; तिच्यासाठीच धरलं होतं मी ते मौन. मीही एक भाकरी जास्त थापते.

तर बाळांनो, उद्या उठल्यावर बोलू नका हं. आधी वाडग्यात पाणी भरून कुंपणापाशी ठेवा. पण कुणाचं घरटं तुडवलं जाताना दिसलं, तर मौन बाजूला राहू दे. खुशाल ओरडा. काय सांगावं, ती हाक वत्सूपर्यंत जाईल.

मिटा आता डोळे.