सत्तेचाळीस महिन्यांचं माप

एकदा एका गणराज्यात अध्यक्षाची निवडणूक तोंडावर आली होती. राजा नव्हे, अध्यक्ष. पाच वर्षांसाठी लोकांनीच निवडलेला. तिथे ज्वारी राज्याच्या कोठारातूनच विकत मिळे आणि ती मापून देण्याचं काम एका वृद्ध मापाऱ्याकडे होतं. सारे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली केरोबा नावाचा शिष्य नऊ वर्षं माप शिकत होता. तुम्ही म्हणाल, धान्य मापायला नऊ वर्षं कशाला? अहो, मापाची पायली भरणं कुणालाही येतं. समोर सासरा असो की सरदार, ती सारखीच भरायची, याला नऊ वर्षंही कमी पडतात.

त्या राज्यात एक जुना प्रघात होता. मतदानाच्या सकाळी मापाऱ्याने चौकातल्या ओट्यावर उभं राहून सर्वांदेखत एक पायली ज्वारी मापायची आणि म्हणायचं, "या अध्यक्षाच्या काळात तुम्हाला इतकं मिळालं." बस्स, एवढंच. मग लोक रांगेनं पुढे जाऊन आपापला मताचा खडा आपल्या पसंतीच्या उमेदवाराच्या घड्यात टाकत.

आता या अध्यक्षाचा कारभार ऐका. पहिलं वर्षभर पायलीवर शीग मिळे, म्हणजे काठाच्या वर धान्याचा जेवढा ढीग ठरेल तेवढा. दुसऱ्या वर्षी हुकूम निघाला की भाव तोच राहील, मात्र पायलीवरून काठी फिरवून शीग उतरवावी. दवंडीवाला गल्लोगल्ली ओरडत फिरला, "भाव वाढला नाही हो!" आणि खरोखरच वाढला नव्हता. फक्त घरोघरच्या टोपलीत भाकरी कमी झाली. सत्तेचाळीस महिने हे असं चाललं. मग निवडणुकीला एक महिना उरला आणि नवा हुकूम आला. काठी बंद, शीग भरून द्या!

लोकांचा आनंद काय विचारता! धुरपदाबाई म्हणून एक बाई होती, बांधकामावर पाट्या वाहणारी. शिगेची पायली पदरात घेताना तिचे डोळे भरून आले. "देवमाणूस आहे हो आपला अध्यक्ष," ती म्हणाली. केरोबाही हरखला.

"आबा, सुबत्ता आली!"

"हात सांभाळ, दाणे सांडताहेत," आबा म्हणाले.

केरोबाचं मन त्या दिवसांत थाऱ्यावर नव्हतं. आबांच्या मागे ती पायली त्याच्या हाती आली तर तो मापारी होणार होता; नाही आली तर जन्मभर कोठारात पोती उचलायची. बायको पोटुशी होती. आणि मापारी नेमणं होतं अध्यक्षाच्या हातात.

मतदानाची सकाळ उजाडली. चौकात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओट्यावर एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला त्याचा प्रतिस्पर्धी, एक बडा व्यापारी. मधोमध आबा. त्यांनी पायली भरली, वर शीग चढवली. उंच, सुरेख शीग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आबांनी कमरेची काठी काढली, पायलीच्या काठावर ठेवली आणि एका झटक्यात शीग खाली पाडली!

गलका उडाला. "म्हाताऱ्या, आमच्या तोंडचा घास काढतोस?" कुणीतरी ओरडलं. अध्यक्ष उठून उभा राहिला. "आबा, काठी बंद आहे. हुकूम विसरलात?"

"हुकूम पाठ आहे मला," आबा म्हणाले. त्यांचा आवाज म्हातारा होता, पण कापत नव्हता. "महिनाभर तुमच्या हुकमानं शीग दिली, कारण ती लोकांचीच होती. पण आज मी धान्य विकत नाही, साक्ष देतोय. साक्ष पाच वर्षांची असते, महिन्याची नसते. सत्तेचाळीस महिने माझ्या याच हातानं काठी फिरली. लोकहो, मलाही त्याची लाज वाटते. रोज जे खाली पडलं ते कोठारात गेलं, आणि त्यातलंच मूठभर महिनाभर तुम्हाला परत मिळतंय. तुमचंच तुम्हाला मिळतंय आणि तुम्ही पाया पडताय!"

हे ऐकून व्यापारी खुशीनं टाळ्या पिटू लागला. "ऐका, ऐका! मला निवडा, मी एका पायलीवर दोन शिगा देईन!"

आबा गर्रकन वळले. "आणि तू गप बैस. दोन शिगा पायलीवर राहत नाहीत, दाणे घरंगळतात. बाजारात जन्म गेला तुझा, एवढंही ठाऊक नाही? का ठाऊक असून बोलतोस?"

लोक हसले. अध्यक्ष मात्र हसला नाही. त्याने आबांच्या हातातली पायली काढून घेतली, रिकामी केली आणि केरोबापुढे धरली. "तुझ्या गुरूला म्हातारचळ लागलाय. तू माप. नीट शीग भरून माप, आणि आजपासून जन्मभर मापारी तूच."

केरोबाने आबांकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतोस?" आबा म्हणाले. "मी शिकवायचं ते शिकवून झालंय. आता तू आणि पायली."

केरोबाने पायली भरली. शीग चढवली. घरी बायको होती, नऊ वर्षं होती, सगळं त्या शिगेवर होतं. मग त्याने आबांच्या हातातून काठी घेतली. काठी एकदा पायलीवर आपटली. पण फिरली. "या अध्यक्षाच्या काळात तुम्हाला इतकं मिळालं," तो म्हणाला, आणि रिकाम्या हातांनी ओट्यावरून उतरला.

आता तुम्ही विचारणार, मग निवडून कोण आलं? अध्यक्षच आला. थोडक्यात आला, पण आला. मला ठाऊक आहे, तुम्हाला हे आवडलं नाही. केरोबालाही आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या पायऱ्यांवर बसून तो आबांवर उखडला. "पायली गेली, पोट गेलं, आणि या लोकांनी पुन्हा त्यालाच निवडलं! कशासाठी केलं आपण?"

"लोकांवर चिडू नकोस," आबा शांतपणे म्हणाले. "ज्याच्या घरात चार वर्षं चूल अर्धी पेटली, तो महिनाभराच्या भरल्या टोपलीला भुलणारच. मीही भुललो असतो. राज्यकर्त्यांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून टोपली नेमकी शेवटच्या महिन्यात भरते. आपण त्यांना कुणाला निवडा हे सांगितलं नाही, केरोबा. आपण त्यांचं काय गेलं ते दाखवलं. पाहिलेलं माणूस सहजी विसरत नाही."

समोर नवा मापारी बसला होता. रांगेत पहिली होती धुरपदाबाई. मापाऱ्याने पायली भरली, शीग चढली आणि त्याचा हात काठीकडे गेला. कारण निवडणूक संपली होती, आणि काठीचा हुकूम रातोरात परत आला होता.

धुरपदाबाईने पायलीच्या काठावर आपला हात आडवा ठेवला. सिमेंटनं फुटलेला, रुंद हात.

"काठी खाली ठेव," ती म्हणाली.

"बाई, अध्यक्षांचा हुकूम आहे. तुम्हीच निवडलंय त्यांना!"

"मीच निवडलंय. म्हणून तर मी सांगतेय. शीग राहू दे."

मापाऱ्याने वर पाहिलं. तिच्या मागच्या बाईनंही हात पुढे केला होता, तिच्या मागचीनंही. रांग जागची हलेना. बाजार खोळंबला, कोठाराचा अधिकारी धावत आला, ओरडला, त्याने धमकावून पाहिलं. एकही हात मागे गेला नाही.

केरोबा पायरीवरून उठला. त्याला आता पायलीची आठवणही नव्हती. तो धावत जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला आणि त्याने आपला हात पुढे केला.