शेवटचं घर

"ह्यात माझा दादा कोणत्या पानावर आहे?"

विशीतल्या बाळकूनं हे तालुक्याच्या कचेरीत विचारलं, तेव्हा कारकून हसला. तिथल्याच कॉलेजातल्या एका सरांना विचारलं, तर ते चष्मा पुसत राहिले. आता टेकडीवरच्या मठात येऊन त्यानं ते जाडजूड पुस्तक गिरीबाबांपुढं आपटलं. सरकारची वर्षाची आर्थिक पाहणी.

बाबा भाकरी थापत होते.

"काय आहे त्यात?"

"सगळा देश. कोण काय खातं, काय पेरतं. हे घरोघर विचारत फिरायचा माझा दादा, हिरामण. तुमचा मठ त्याचं शेवटचं घर. इथून उतरताना घाटात गाडी घसरली, आणि..."



"वाचलंस पुस्तक?"

"चौथीत शाळा सुटली माझी. नावं तेवढी वाचता येतात. बोट ठेवून चारशे पानं पाहिली. मंत्र्याचं नाव आहे, छापणाऱ्याचं आहे. दादाचं नाही."

"मग घाल चुलीत. जाळ कमीच पडतोय."

बाळकूनं तिरमिरीत पुस्तक उचललं. चुलीपाशी नेलं... आणि छातीशी धरून तिथंच बसला.

"जेवलास कधी?" बाबांनी विचारलं.

"एकट्याला घरात घास उतरत नाही."

बाबांनी भाकरी उलटली.

"तुझ्या दादानं मला विचारलं, मठात जेवणारी माणसं किती? मी म्हटलं, दोन. त्यानं आत डोकावून पाहिलं, मागं गोठ्यात जाऊन आला. म्हणाला, बाबा, तुम्ही तर एकटेच. दुसरं कोण?"

"कोण?"

"म्हटलं, अजून आलेलं नाही."

"दादाला असलं चालायचं नाही." बाळकूच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू फिरकलं. "मी पकडलेल्या माशाची लांबीसुद्धा तो गावाला खरी सांगायचा."

"तेच. म्हणाला, जे दिसत नाही ते लिहिता येत नाही. मग उंबऱ्यावर बसून पेन्सिल चावत राहिला. बराच वेळ..."

बाबांनी एक थाळी मांडली. तिच्या शेजारी दुसरी.

बाळकू थाळीकडं बघत होता.

"शेवटी काय लिहिलं त्यानं?"

"दोन. जा, हात धुऊन ये."